पॅकिंग मीच बदलतो

मागच्या हिवाळ्यात आमच्या गाडीच्या इंजिनातून तेल पाझरायला लागलं. गाडी सेकंड हँड, घेतली तेव्हाच पोक्त होती. आता ती आणि मी साधारण एकाच वयाचे दिसतो. जरा तापली की आत जळक्या तेलाचा वास यायचा आणि बायको नाकाला पदर लावून विचारायची, "पुढं भजे तळून राहिले काय?" साकोलीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून बोट फिरवलं आणि सांगितलं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, त्याच्याखाली बसणारी रबराची कड कडक होऊन चिरली होती.

मला खर्च दिसला. बायको म्हणाली, "बरं झालं."

तिचं कारण वेगळं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे मामाजी, सासूबाई गेल्यापासून कोंढ्याला एकटेच राहत होते. धानगिरणीतलं इंजिन उभं आयुष्य त्यांनी सांभाळलेलं. आमच्याकडे कायमचं राहायला या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोरीच्या घरी बसून खाऊ काय? हाताले काम असन तं सांग." आमच्या तीन खोल्यांच्या घरात असं काम आणायचं कुठून? आता ते आपणहून गळायला लागलं होतं. तिने लगेच फोन लावला, "बाबा, गाडीचं इंजन उघडा लागते. याले तुमचाच हात पायजे."

दुसऱ्याच दिवशी मामाजी एसटीने आले. पिशवीत धोतरजोडी एक आणि बोल्ट खोलायचे पाने दहा-बारा. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं, "पॅकिंग झालं का पंखे हाईत, मंग मोटरपंप हाय. एकदा का बाबा रमले, का रायतात. तुमी फक्त हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. हात काहून लावू नको? मी कचेरीत फायली सरकवत असलो तरी मोबाइलवर पॅकिंग बदलण्याचे तीन व्हिडिओ पाहिले होते. तिसरा तर दोनदा.

रविवारी सकाळी मामाजींनी पाने रॉकेलने पुसून ओसरीवर उन्हात मांडले आणि ते आंघोळीला गेले. ते येईपर्यंत मी गाडीतल्याच पान्याने नळ्या काढल्या, बोल्ट काढले, झाकण उचलून खाटेवर ठेवलं. ओल्या केसांनी ते ओसरीवर येऊन उभे राहिले.

"मामाजी, तुमी बसा," मी म्हणालो. "पाहुण्यानं काम करायचं असते काय? पॅकिंग मीच बदलतो."

मला तेव्हा खरंच वाटलं, की आपण किती संस्कारी.

"हो हो, करा ना जवाईबुवा," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

आमच्याकडे जावयाला चुकलं असं कोणी म्हणत नाही. जावयाच्या हातून तांब्या पडला तर तांब्या निसरडा असतो. हे सुख मी वीस वर्षं उपभोगलं आहे. त्यामुळे मामाजी मला काही सांगू शकत नव्हते, आणि ते मला कळत नव्हतं.

मी जुनं पॅकिंग ओरबाडून काढलं, नवं बसवलं, झाकण ठेवलं आणि एका टोकापासून बोल्ट आवळत निघालो. मामाजी खाकरले. मग समोरच्या पेरूच्या झाडाला सांगावं तसं म्हणाले, "आमच्या गिरणीत एक नवा माणूस आल्ता. तो बी एका बाजूनं कसत जाये. मी म्हणो, बापा, बीचातून धर, थोडं इकडं, थोडं तिकडं. झाकणाले समजू दे का आपल्याले बसा लागते."

मला वाटलं म्हातारा गिरणीच्या आठवणीत रमला. मी "हं" म्हणालो आणि व्हिडिओचा आवाज वाढवला.

दोष एकट्या व्हिडिओचा नाही. मी धानवाल्यांच्या घरातला. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधाला, भोक पडून पाणी वाहायला लागलं, की चिखल टाकायचा आणि टाचेने दाबायचं. तरी पाझरलं तर आणखी दाबायचं. गळतीवर आमच्या खानदानात दुसरा इलाज कोणाला ठाऊकच नाही. मी पान्याला पाइप लावला, एक पाय बंपरवर दिला आणि शेवटचा बोल्ट धुरा बुजवावा तसा दाबला.

कट् असा आवाज आला. बोल्टाजवळून झाकणाला बोटभर चीर गेली होती.

बायको दारात आली. तिने चीर पाहिली, मग मला पाहिलं, मग उन्हात तसेच मांडून ठेवलेले पाने पाहिले. मामाजी उठले, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कव्हरच जुनं होतं. तुमचा काई दोष नाई, जवाईबुवा."

दुपारी त्यांनी पाने फडक्यात गुंडाळले. बायकोने पंख्यांचा विषय काढून पाहिला, तर म्हणाले, "पंखा तं चांगला फिरून राहिला, माय." तिसऱ्या दिवशी कोंढ्याला जायला निघाले. मी आग्रह केला तर हसून म्हणाले, "पाहुणा किती दिस राहीन?" शब्द माझाच होता. एसटी स्टँडवरून परतताना बायको एवढंच बोलली, "बाबा तुमच्या घरी पाहुणे म्हणून आले नव्हते."

मिस्त्रीने दुसरं झाकण बसवलं. आता तेलाचा थेंब नाही, वास नाही. महिन्याभराने मीच कोंढ्याला फोन केला.

"मामाजी, गाडी पुन्हा गळून राहिली. मले तं काई समजत नाई. तुमी येता काय?"

ते म्हणाले, "मिस्त्रीले दाखवा, जवाईबुवा. नाई तं तुमीच करा. तुमाले येते."

त्यात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता. असता तर मी त्यांच्याशी भांडलो असतो, हातापाया पडलो असतो, काहीतरी करता आलं असतं.

बायको तांदूळ निवडत होती. "काय म्हणे बाबा?"

"मिस्त्रीले दाखवा म्हणे."

ती खडे वेचत राहिली. गाडी गळत नाही, हे तिला माहीत होतं.