कुणाचीही मदत न घेता

"मला मदत नको" हे वाक्य आमच्या बारामती-इंदापुरात कुणालाच समजत नाही. मी ते एका दिवसात हसून सांगून पाहिलं, रागावून सांगून पाहिलं, शेवटी ओरडून सांगितलं. उपयोग शून्य. आणि माझं बारामतीत राहणं तर त्याच एका दिवसावर ठरायचं होतं.

झालं असं, की पावसाळ्यात मी मोरीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि शेजारणीच्या कानावर हाक जाईपर्यंत सकाळची दुपार झाली. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचे अब्बा गेल्यापासून खाली सायकलदुकानाचं बंद शटर आणि वर मी एकटी, असं आमचं घर. पडल्याचं कळल्यावर तो धावत आला, माझे पाय चेपत बसला आणि म्हणाला, "अम्मी, आता पुण्याला चल. तुला इथं ठेवून माझं कशात लक्ष लागत नाही." त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला भांडता येईना.

थंडी पडल्यावर तो विषय परत निघाला. तेव्हा मी म्हणाले, "मी सायकलवर एकटी उजनीच्या पाण्यापर्यंत जाऊन दाखवलं, तर मानशील ना मी धडधाकट आहे म्हणून?" बारामतीहून इंदापूर आणि तिथून पुढं धरणाचा फुगवटा. आम्हा लोकांना समुद्र लांब; किनारा म्हणायचा तर तोच. लग्न झाल्यावर त्याचे अब्बा मला डबलसीट तिथं नेणार होते. लोकांच्या सायकली नीट करण्यात त्यांना आयुष्यभर सवड झाली नाही.

मुलगा हसला. "कुणाचीही मदत न घेता? जा. पोचलीस तर पुण्याचं नाव काढणार नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला वाटलं, बाजी मारली. सायकल मी माहेरी, लोणी भापकरला, परकर खोचून शिकलेली. आणि पंक्चर म्हणाल तर दुकानात गर्दी असली की काऊंटर सोडून मीच काढत असे.

जानेवारीतल्या एका सकाळी कुणाला न सांगता निघाले. बास्केटमध्ये डबा, पाण्याची बाटली, फोन, पंक्चरचं सामान, दांडीला पंप. ओढणी कमरेला घट्ट बांधली, बिस्मिल्ला म्हटलं आणि पायडल मारलं. गावाबाहेर आल्यावर गार वारा तोंडावर आला, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गाणं म्हणायला लागले. बरं झालं ऐकायला कुणी नव्हतं.

पिंपळीला चहाला थांबले, ही पहिली चूक.

"कुठं चालला मावशी?" टपरीवाल्यानं विचारलं.

"उजनीच्या पाण्यावर."

"एष्टी चुकली व्हय?"

"नाही, सायकलवरच जायचंय."

"कोन आजारी हाय का तितं?"

"कुणी नाही. सहज."

हा 'सहज' काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सुनंशी काय वाजलं का?"

मला सूनच नाही. मुलाचं लग्न अजून व्हायचंय. हे मी सांगितलं तर तो आणखीच हळहळला. "बसा जरा, आमचा भाऊ टेंपो घिऊन इंदापूरलाच निघालाय," असं म्हणून तो फोन लावायला आत वळला, तशी मी चहा अर्धा टाकून पळाले. या वयात चहाच्या टपरीवरून पळून जायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पुढचा रस्ता मात्र सुखाचा होता. नवा, रुंद, सिमेंटचा. एका अंगाला कधी कालवा, कधी उसाचे पांढरे तुरे, आणि कारखाना जवळ आला की हवेत मळीचा आंबूस वास. तेवढ्यात मागं धडधड ऐकू आली. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. मी कडेला झाले, त्याला हात केला, पुढं जा म्हणून. तो जाईना. मी हळू केली, तोही हळू झाला. वळून बघितलं तर ड्रायव्हर वरून ओरडला, "चला तुमी आज्जी, घाबरू नका, मी हाय मागं!"

पिंपळीत मावशी होते, इथवर येईतो आज्जी झाले. रस्ता चढत गेला, मी धापा टाकत पुढं, मागं तो ट्रॅक्टर, त्याच्या मागं हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या. माझी वरातच निघाली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. शेवटी तो कारखान्याकडं वळला तेव्हा मी सुटले, आणि तरी त्यानं वळताना हात हलवून निरोप घेतला.

निमगावच्या पानमळ्यांपाशी बायकांनी मला थांबवून बास्केटात पेरू टाकले. पेरू खाणं ही मदत होते का, यावर मी बराच वेळ डोकं चालवलं आणि नाही होत असं ठरवून खाल्ले. इंदापुरात हायवेपाशी मी ट्रक जायची वाट बघत उभी, तर एका माणसानं न विचारता माझं हँडल धरलं आणि दुसरा हात वर करून मला पलीकडं नेऊन सोडलं. जणू मला दिसतच नव्हतं. मी काही बोलायच्या आत तो गर्दीत गेला. याला मदत धरायची नाही, असं मी स्वतःशी ठरवलं; मी मागितली कुठं होती?

इंदापूर मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडं ज्वारी. आणि ज्वारीच्या पलीकडं एक लांब चकाकती रेघ दिसली. पाणी. मी थांबले आणि नुसती बघत राहिले. पाय भरून आले होते, कंबर बोलत होती, पण आता एका दमाचं काम होतं. तिथंच मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. उलट हौसच वाटली. बास्केटातलं सामान कडेला काढून ठेवलं, सायकल उलटी केली, टायर एका बाजूनं सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि गालाजवळून हळूहळू फिरवली. भोक कुठं आहे ते पाण्याशिवाय असं गालाला कळतं. त्याचे अब्बा असंच शोधायचे. गालाला गार हवा लागली आणि मला हसू आलं. तेवढ्यात मासळीच्या रिकाम्या क्रेटांचा एक पिकअप येऊन थांबला.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. पंक्चर काढतेय."

"आरारा. उन्हात? सोडा, चला, गाडीत घालतो."

"नको. मला येतं. मदत नको मला."

तो हसला. हट्टी पोराकडं बघून हसतात तसं. चाळिशीचा, अंगानं दांडगा माणूस. मी परत सांगितलं. मग ओरडले, "अरे बाबा, हात लावू नकोस!" तोवर त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं सायकल उचललीसुद्धा, सामान आधीच गाडीत, टायर लोंबतोय, ट्यूब माझ्या हातात तशीच. मी ट्यूब धरून ओढतेय आणि तो म्हणतोय, "सावकाश, लागंल तुमाला." शेवटी ट्यूब तुटेल म्हणून मीच सोडली. मला त्या माणसाचा इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि नेमका तेव्हा सामानातला फोन वाजला. घराला कुलूप बघून शेजारणीनं मुलाला कळवलं होतं. फोन पिकअपमध्ये, मी खाली. माणसानं तो उचलला.

"हॅलो. व्हय, हायत हितं. तुमी मुलगा का? काय काळजी करू नगा, रस्त्यात बसल्या हुत्या, आता गाडीत घेतलंय. सुखरूप हायत."

रस्त्यात बसल्या होत्या. झालं. मी गाडीत चढले. सायकल त्यात होती, करणार काय?

त्याचं घर अगदी पाण्यावर. निळं पाणी पार क्षितिजापर्यंत, काठाला होड्या, आणि लांब उथळात गुलाबी पक्ष्यांची रांग, माना खाली घालून चरणारी. आयुष्यभर जे बघायचं होतं ते समोर होतं, आणि मी तिथं पोचले नव्हते, मला आणून टाकलं होतं. मी रडले. त्याच्या बायकोनं पाठीवर हात फिरवला. "रडू नगा मावशी, घरोघरी असंच असतंय." तिनं भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण वाढलं. कालवण फार चांगलं होतं, हेही सांगायला हवं.

जेवून मी अंगणात पंक्चर काढलं. कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, ठिगळ दाबलं. तो माणूस उकिडवा बसून बघत होता.

"तुमाला येतंय व्हय? मग सांगायचं न्हाय का!"

मी पंप उचलला आणि हवा भरायला लागले.

मुलगा ऊन उतरताना गाडी घेऊन आला. घाबरलेला, केस विस्कटलेले. एक शब्द रागावला नाही. त्या माणसाचे दोन्ही हात धरून उभा राहिला, तर तो म्हणाला, "आमाला बी आई हाय." सायकल डिकीत आडवी घातली, झाकण दोरीनं बांधलं. निघाल्यावर बऱ्याच वेळानं मुलगा हळूच म्हणाला, "लोकं चांगली होती म्हणून निभावलं, अम्मी. नसती तर?" पैजेचं नाव त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते. पिंपळीच्या टपरीवाल्यानं डिकीतली सायकल ओळखली आणि सुटल्यासारखा हात वर केला.

मी उन्हाळ्याच्या आधीच पुण्याला आले. त्याच्या त्या बोलण्याचं उत्तर मला इथं, त्याच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडताना सुचलं. लोकं चांगली आहेत म्हणूनच तर मला तिथं राहायचं होतं. संध्याकाळी त्याला तसं म्हणालेही. तो जेवायचा थांबला, मग म्हणाला, "अम्मी, बारामतीच्या घरात वर भाडेकरू येऊन राहिलेत गं आता." तेही खरंच होतं.

सकाळी मी सोसायटीच्या आत सायकल फिरवते. कुठं चालला, कुणाकडं, कशाला, असं कुणी विचारत नाही. परवा पार्किंगमध्ये मागचं चाक बसलेलं दिसलं. तिथंच सायकल उलटी करून बसले. लिफ्टमधून लोक येत होते, गाड्या निघत होत्या, एकानं मला चुकवून जाण्यासाठी गाडी सावकाश वळवून घेतली. मी ट्यूब गालाजवळून फिरवली, भोक शोधलं, ठिगळ लावलं, हवा भरली, चाक फिरवून बघितलं. मुद्दाम जरा जास्तच वेळ लावला.

सगळं पंक्चर मी एकटीनं काढलं. कुणाचीही मदत न घेता.