बर्फ उपसताना दमता का?

मल्टिपल स्क्लेरोसिसवर संशोधन करते म्हटलं की लोक आदराने बघतात. रियाधच्या हॉस्पिटलात माझं निम्मं संशोधन म्हणजे लोकांकडून फॉर्म भरून घेणं होतं. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. कुणाची नजर अंधुक होते, कुणाचा पाय ओढतो, थकवा मात्र बहुतेकांना येतो. तो एमआरआयमध्ये दिसत नाही, म्हणून विचारावा लागतो. विभागप्रमुखांनी त्यासाठी परदेशातली एक प्रश्नावली मागवली, एका एजन्सीकडून तिचं अरबी भाषांतर करून घेतलं आणि ते तपासायचं काम माझ्यावर सोपवलं. नाशिकहून आलेल्या बाईवर. माझं अरबी तेव्हा 'कुठे दुखतंय' आणि 'खलास' यांच्या पुढे जात नव्हतं. मी पानं मोजली आणि सही केली.

सुरुवातीच्या पेशंटांनी ती निमूट भरून दिली. मग देशाच्या दक्षिण टोकाच्या जिझानची एक शिक्षिका आली. वय चाळिशीचं, मुलींच्या शाळेत अरबी व्याकरण शिकवायची. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून औषध घ्यायला भावाबरोबर विमानाने रियाधला यायची. तिने कागद वाचला आणि पर्समधून लाल पेन काढलं. अर्ध्या तासाने कागद परत आला तेव्हा माझ्या शाळेच्या वह्या आठवल्या. मी आमच्या केरळच्या नर्सला बोलावलं. तिला अरबी छान येतं.

"या विचारतायत, हे लिहिलं कुणी?" नर्स मला हिंदीत म्हणाली.

"का, काय झालं?"

"थकव्यासाठी जो शब्द घातलाय तो कंटाळ्याचा आहे. नवऱ्याचा कंटाळा आला तरी इथे खूण करता येईल, म्हणतात."

पुढे एका प्रश्नात अंगणातला बर्फ उपसताना दमता का, असं विचारलं होतं. आधीच्या पेशंटांनी त्यावर 'कधीच नाही' असं उत्तर दिलं होतं आणि त्यांची शारीरिक क्षमता उत्तम असल्याची नोंद मी स्वतः केली होती.

"मग काय विचारू?" मी म्हटलं.

ती हळूहळू बोलत गेली, नर्स सांगत गेली. "दारापासून गाडीपर्यंत उन्हात चाललं की पाय माझे राहत नाहीत. फळ्यावर हात वर धरवत नाही, म्हणून मी मुलींना लिहायला बोलावते. त्यांना वाटतं, बाई आपल्याला मान देतात. हे विचारा."

इतकी वर्षं मी या आजारावर भाषणं देत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढच्या दोन भेटींत आम्ही तिघींनी प्रश्नावली नव्याने लिहिली. विभागप्रमुख म्हणाले, "डॉक्टर, पेशंट प्रश्नावली भरतात, दुरुस्त करत नाहीत." नव्या प्रश्नावलीवर पेपर निघू शकतो हे लक्षात आल्यावर मात्र ती कल्पना त्यांचीच होती असं त्यांना आठवलं. पेपरवर नऊ नावं आली. त्यातल्या दोघांना मी समोर आले तरी ओळखणार नाही. शिक्षिकेचं नाव गोपनीयतेमुळे गाळलं. भाषेच्या साहाय्यासाठी आभार मानले होते, ते एजन्सीचे.

मी तो पेपर तिला दाखवला, नर्सने त्यातलं अरबीत सांगितलं. तिने नावं वाचली.

"माझं कुठाय?"

"पेशंटचं नाव छापता येत नाही."

"मी शिक्षिका म्हणून विचारतेय."

 तिने ते फार ताणलं नाही, दुसरंच विचारलं. "यात लिहिलंय की प्रवासाने थकवा वाढतो. मग मी अजून रियाधला का येते?"

त्या दिवशी मी आरोग्य खात्याला पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. वर्षभराने तिचं औषध जिझानमध्येच मिळायची सोय झाली. पुढे जेद्दाच्या एका परिषदेत प्रमुखांनी ती विभागाची दूरदृष्टी म्हणून मांडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पुढून दुसऱ्याच रांगेत बसले होते.

शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "आता तुम्ही या जिझानला. बघा माझा वर्ग."

रजा टाकायची राहूनच गेली आहे. सध्या दुसऱ्या एका पेपरची मुदत जवळ आलीय.