पाठमोरी आई

आई चित्रपटांत गर्दीतली बाई व्हायची. कितीतरी वर्षं तिने घर चालवलं ते कॅमेऱ्याकडे पाठ करून. पडद्यावर कुठे तिचा अंबाडा दिसे, कुठे खांदा. चेहरा कधीच नाही. म्हणून आता लेक तिला गाडीत घालून शहराभोवती जिथे जिथे तिचं शूटिंग झालं होतं त्या सगळ्या जागा फिरवत होती. आईचा एक तरी फोटो समोरून हवा, असा तिचा हट्ट. पण मोबाइल उचलला रे उचलला, की आई सवयीने मान वळवायची.

"अगं, बघ ना इकडे!"

"कॅमेऱ्यात बघितलं की दुसऱ्या दिवशी काम मिळायचं नाही, बाई."

शेवटी जुन्या पुलावर लेक कंटाळून म्हणाली, "बरं, इथे काय केलं होतंस?"

"हरवलेल्या पोरीला हाका मारत पळायचं होतं. पण आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे."

"मग आज आवाजासकट मार की!"

आई पुलाच्या टोकाला गेली, गर्रकन वळली आणि जीव खाऊन ओरडली, "ठमेऽऽ!"

फोटोत तोंड हे एवढं उघडं, डोळे विस्फारलेले, आणि सगळा चेहरा समोर.

"शी! पुसून टाक तो," आई म्हणाली.

ठमीने मोबाइल केव्हाच पर्समध्ये लपवला होता.