चोथा खाऊन खूश झालेल्या म्हशी

आमचे शेजारी आजोबांपासून बियरवाले. त्यांच्या महाप्याच्या कारखान्यात बियर गाळून उरलेला सातूचा चोथा ते रोज जीपमधून गावातल्या म्हशींना वाटत. पोंऽपोंऽ हॉर्न वाजवून ओरडत, "या गो बायांनो!"

मुलाचं लग्न ठरवताना मात्र, बियरचं नाव काढलं तर सोयरीक मोडेल म्हणून, बायकोच्या धाकाने त्यांनी व्याह्यांना सांगितलं होतं, "आमचा पशुखाद्याचा कारखाना हाय."

नवरदेवाची मिरवणूक त्याच जीपमधून मांडवाशी आली. हॉर्न वाजला आणि गावच्या सगळ्या म्हशी बँडवाल्यांना पांगवत धावल्या. व्याही भलतेच खूश! "वा, खाद्य झकास दिसतंय तुमचं!"

अक्षता अजून पडायच्या होत्या. बायकोने चिमटा काढला. तरी शेजाऱ्यांचा फेटा थरथरला आणि ते ओरडलेच, "खाद्य कसलं! हा तर नुसता चोथा हाय. आमची बियर पिऊन बघा!"