मारोतरावांची मध्यस्थी

शाळा चुकवणाऱ्या कुठल्याही पोराच्या घरी गेले की मारोतराव आधी पाणी मागत. तहान लागली म्हणून नव्हे. तांब्या आला की ते तो बरोबरच्या मास्तरपुढे धरत, आणि मास्तर प्यायल्याशिवाय विषयाला हात घालत नसत. ‘आत्ताच घेतलं’ म्हणणाऱ्या मास्तरला ते तसेच बसवून ठेवत. “तुमाले त्यायचं पानी चालत नाई, तं पोट्टं कसं चालन?” एवढेच म्हणत. आमच्या शाळेतल्या दोघातिघांचे सोवळे असे फिटले. परिपत्रकांना ते जमले नव्हते.

मारोतराव राहायला पवनारला, आणि वर्ध्याच्या भाजीबाजारात अडत्या. पहाटे शेतकऱ्यांची वांगी-पालक विकून द्यायची, दुपारी मोकळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या पवनारच्या शाळेच्या पटावरची पोरे त्यांना बाजारात पोती उतरवताना दिसत. एक दिवस शाळेत येऊन ते मुख्याध्यापकांना म्हणाले की तुमची निम्मी शाळा माझ्याकडे भरते, एखादा मास्तर द्या सोबतीला. मला देण्यात आले. मी नवा होतो आणि माझ्याकडे सायकल होती.

त्यांची रीत साधी होती. बाप आणि मास्तर यांना समोरासमोर बसवायचे. एकाचा निरोप दुसऱ्याकडे ते कधी नेत नसत. “इकडलं तिकडं नेलं का चुगली होते. दोघायनं एकाच वक्ती आयकाव.” बाप चिडे, मास्तर उपदेश करू लागे, मारोतराव तंबाखू मळत बसत. दोघे थकले की काहीतरी ठरे. बाजाराच्या दिवशी पोरगा उशिरा येईल, मास्तर त्याला उभा करणार नाही. इतर दिवशी बाप त्याला वावरात हाक मारणार नाही. ठरलेले बहुधा टिके. पोरे वर्गात दिसू लागली, तसा शिक्षण खात्यातल्या साहेबांनाही हा उपक्रम दिसू लागला. मंडप उभा राहिला, शाल आली. नियमितपणाचे महत्त्व सांगायला साहेब दोन तास उशिरा पोचले. सत्काराला उत्तर द्या म्हटल्यावर मारोतराव म्हणाले, “लेकरं उन्हात बसून राह्यले, सोडा त्यायले.”

वंदना दहावीत होती. तिचा बाप पुंडलिक भाजी पिकवी आणि मारोतरावांकडेच आणी. पोरगी महिनाभर आली नाही, तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो की ती पालक खुडत असणार. घरी गेलो. तिनेच पाणी आणले. मी प्यायलो.

“पुंडलिकभाऊ,” मारोतराव म्हणाले, “दहावीचं वर्स हाये. पोरीले वावरात काऊन ठेवून राह्यले?”

“वावरात?” पुंडलिक म्हणाला. “थे तं रोज दप्तर घेऊन शायेतच जाते.”

वंदना रिकामा तांब्या घेऊन उभी होती. ठरल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकाच वेळी ऐकले.

गणिताचे मास्तर तिला रोज वर्गाबाहेर उभी करत. म्हणून ती धाम नदीच्या काठी खडकावर पुस्तक घेऊन बसे आणि शाळा सुटायच्या वेळी घरी जाई. हे पुढे तिच्या मैत्रिणींकडून कळले. त्या संध्याकाळी घरात तिला एकच प्रश्न विचारला गेला: सोबत कोण होता? कोणी नव्हता, यावर विश्वास ठेवणे कुणालाच सोयीचे नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. मारोतराव पुन्हापुन्हा गेले. पुंडलिक त्यांना मानाने बसवी, चहा देई, भाजीच्या भावाचे विचारी. पोरीचा विषय निघाला की उठून बैलाकडे जाई. उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, वडनेरला. त्याच गल्लीतल्या आणखी काही बापांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. त्यांची नावे पटावरून कमी झाली. नाव नसलेली मुलगी गैरहजर राहू शकत नाही, त्यामुळे शाळेची हजेरी सुधारली. साहेबांनी अभिनंदन कळवले.

पुढे कधीतरी मारोतरावांना कुणीतरी सांगितले की सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. ते मला घेऊन वडनेरला निघाले. इतक्या उत्साहात मी त्यांना सत्कारातही पाहिले नव्हते. वंदना दारात होती, कडेवर मूल. सासरे घरी आहेत का, त्यांच्याशी तुझ्या परीक्षेचे बोलायचे होते, असे मारोतरावांनी तिला सांगितले.

“वावरात गेले. येतीलच. बसा,” ती म्हणाली. आत गेली नाही. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाली, “काका, तवा मले इचारलं असतं, तं म्या सांगतलं असतं. तुमाले एकट्याले.”

मारोतरावांनी मळायला घेतलेली तंबाखू झाडून टाकली. मग म्हणाले, “आता इचारतो, माय. बसाचं हाये का परीक्षेले?”

तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. ती बोलणार होती, असे मला आजही वाटते. तेवढ्यात गल्लीत सासऱ्याची सायकल दिसली. तिने पदर ओढला. मारोतराव सवयीने उठले, दोन पावले पुढे झाले आणि त्यांनी सासऱ्याला रामराम घातला. वळून पाहिले तर दारात कोणी नव्हते.

सासरा भला माणूस होता. ‘पाहू’ म्हणाला. अर्ज भरला गेला नाही.

त्यानंतर मारोतराव कुणाच्या दारात गेले नाहीत. चारपाच वर्षांनी वारले. शाळेत मुले गैरहजर राहतच होती. त्यांच्या घरी आता आम्ही जात नव्हतो; छापील सूचना जाई, आणि ती बापाच्या नावे असे.