गच्चीवरची केबल

आमच्या जिंतुरात नेट गच्च्यांवरून फिरतं. ते फिरवणारा माणूस कधी बेल वाजवत नाही. खालूनच ओरडतो, "सर, वर चाललो!" आणि मी दार उघडेपर्यंत जिन्यात पोचलेला असतो. डोक्यावर हेल्मेट तसंच, दातांत वायर धरलेली. त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं कळत नाही. चिडलाय एवढं मात्र कळतं. चिडलेला तो कायमच असतो.

मोठी केबल माझ्या गच्चीवरून समोरच्या दुकानदाराच्या गच्चीवरल्या पेटीत जाते. तिथून सगळ्यांना वायरी जातात. आमच्या बौद्ध वस्तीत त्यानं पहिली कनेक्शनं दिली, तेव्हा दुकानदार रस्त्यात येऊन म्हणाला, "त्या लोकांच्या वायरी माझ्या घरावर नको. काढ."

मी दारातच उभा होतो. ऐकून घ्यायची सवय लागलेला माणूस मी.

नेटवाला मात्र तरातरा माझ्या गच्चीवर चढला. पकड मोठ्या केबलला लावली आणि दातांतली वायर थुंकून ओरडला, "शेठ, तुमचं नेट ह्या घरावरून येतंय. तुमाला चालत न्हाई, मग ह्यांनी का चालवून घ्यायचं? तोडू का?"

दुकानदार म्हणाला, "तुझी तक्रार करतो!"

"करा की! सर, तुमी काय बघायलाय? गच्ची तुमची हाय. बोला!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तोड!"

केबल आजही तिथंच आहे, वस्तीच्या वायरीही. दुकानदारच आत गेला.