गेटवरची पाटी

१२ मे. सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट आवरताना मागून एक पत्र्याची पाटी निघाली. अक्षर माझंच. टाळेबंदीत मी सोसायटीची सेक्रेटरी होते आणि ग्रुपवर रोज वाद चालायचा, सगळं बंद ठेवायचं की दुकानांपासून पार्कातल्या पाळण्यांपर्यंत सगळे धंदे सुरू करायचे. माझा पगार घरबसल्या येत होता, त्यामुळे माझं मत पक्कं होतं. तेच रंगवून मी गेटला लावलं: ‘पाळणे बंद राहिल्याने कोणी मरत नाही. विक्रेत्यांनी इथे थांबू नये.’ लोकांनी पाटीचे फोटो फिरवले, मी खूश. चार दिवसांनी भर उन्हात एक बाई मेथीची टोपली घेऊन आली. वाघोलीकडच्या एका मनोरंजन पार्कात ती पाळण्यात बसणाऱ्या मुलांचे पट्टे बांधायची. माझ्या लेकीचाही बांधला होता. मास्क असूनही तिने मला ओळखलं. "ताई, गेटाबाहेर बसू का? पार्क बंद हाय, घरात दुसरं कमवणारं कुणी न्हाई." मी पाटीकडे बोट केलं. "वाचता येतं ना?" तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला. "खरंय ताई," ती म्हणाली, "पाळण्यात बसणारं कुणी मरत न्हाई." मग कोमेजलेल्या मेथीवर ओलं फडकं नीट केलं, टोपली उचलली आणि गेली. मी हाक मारली नाही. पाटी मी स्वतःच काढली, एवढं सांगता येतं. पण ती काढली दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी उठायच्या आत, आणि ग्रुपवर लिहिलं, वाऱ्याने पडली.